पोटभर जेवलं की दारू बाधत नाही? एका समजुतीची पार्श्वभूमी

मार्च लागला की गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे काजूचे बोंडू तुडवायला सुरुवात होते. त्यांचा रस, म्हणजे नीरो, आंबतो, भट्टी पेटते, आधी हुर्राक निघतो आणि तो पुन्हा उकळला की फेणी. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. माडाची सुर काढणारे रेंदेर त्याच्याही आधीपासूनचे. देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदाराला, इथे सोरो-रोट (दारू आणि रोट) दाखवतात, आणि सर्दीला, पोटदुखीला चमचाभर फेणी हा घरोघरचा उपाय. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे.

दारूने यकृत गेलेल्या आमच्या वाड्यावरच्या एका काकांचं शेवटचं वर्ष मी जवळून पाहिलं. हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट घुमटासारखं ताणलेलं. दर पंधरा दिवसांनी सुई घालून पोटातलं पिवळसर पाणी काढायचे. कॅन भरत जायचा आणि काकी भिंतीकडे बघत बसायच्या. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "उपाशीपोटी कधी प्याले नाहीत हो. रोज हुमण-शीत, मासळी, सगळं नीट जेवायचे."

काकींना कुणी अडाणी म्हणू नये. नीट जेवणाऱ्याला दारू बाधत नाही, हे वैद्यकशास्त्रही कित्येक वर्षं मानत होतं.

दारू आणि कठीण झालेलं यकृत यांचा संबंध लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७९३ सालीच नोंदवला होता. १८१९ मध्ये, स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेक यांनी अशा यकृताच्या तांबूस-पिवळ्या रंगावरून आजाराला 'सिऱ्होसिस' हे नाव दिलं. पण विसाव्या शतकात मत पालटलं. दारुडे नीट जेवत नाहीत, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून यकृत बिघडतं, असं डॉक्टर सांगू लागले. इन्शुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९४९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांवरून लिहिलं, की यकृताला दारू साखरेपेक्षा जास्त विषारी असल्याचा पुरावा नाही. खरं तर उलटा पुरावा डोळ्यांसमोर होता. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाइनचं रेशनिंग झालं, माणसं अर्धपोटी राहिली, तरी सिऱ्होसिसचे मृत्यू झपाट्याने घटले. वाइन परत आली तसे ते पुन्हा वाढले.

हा गैरसमज मोडला तो अमेरिकेतल्या चार्ल्स लीबर यांनी. १९६० च्या दशकात त्यांनी स्वयंसेवकांना भरपूर प्रथिनांचा आहार आणि त्यासोबत दारू दिली. थोड्याच दिवसांत यकृतात चरबी साठली. पुढच्या दशकात चांगलं खाऊपिऊ घातलेल्या बबून माकडांनाही दारूने सिऱ्होसिस झाला. दारू फोडताना यकृतात अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन तयार होतं, ते पेशींना जाळतं, आणि जळलेल्या जागी व्रणासारखे कडक धागे भरत जातात. कुपोषणाने हाल वाढतात हे खरं, पण सुरुवात व्हायला दारू एकटी पुरते. चरबी साठण्याच्या टप्प्यावर पिणं थांबवलं तर काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होऊ शकतं. हा टप्पा मुका असतो. दुखत नाही, खुपत नाही.

'आपली गावठी फेणी शुद्ध, ती बाधत नाही' हेही ऐकू येतं. साठ मिलिलिटर फेणीत साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल असतं. साडेसहाशे मिलिलिटरच्या बिअरच्या बाटलीत पंचवीसच्या आसपास. यकृत ग्रॅम मोजतं, ते काजूचे की जवाचे हे त्याला कळत नाही. मग डोळे पिवळे झाले की आधी कावीळीचं झाडपाल्याचं औषध आणलं जातं, आणि हातात उरलेले महिने त्यात जातात.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. मुक्तीनंतर १९६४ साली इथे आला तो अबकारी कराचा कायदा. बंदी आली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले १८.८ टक्के पुरुष दारू पितात असं दिसलं, गोव्यात ३६.९ टक्के. बायकांचं प्रमाण देशात १.३, गोव्यात ५.५. आणि तेवढ्याच दारूने बाईचं यकृत लवकर खराब होतं, हे आपल्याकडे फारसं बोललंच जात नाही.

एक चांगली गोष्ट मात्र याच मातीत घडली. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगत' या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला साधी माणसं तयार केली. ती डॉक्टर नव्हती. एक ते चार बैठका, बस. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के. यातले बरेच जण दुसऱ्याच कुठल्या तक्रारीसाठी केंद्रात आले होते. किती पिता, हे त्यांना तिथे कुणीतरी पहिल्यांदाच, न रागावता, विचारलं होतं.