साखरेच्या साखळीची लस

हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी, थोडक्यात हिब. नावात इन्फ्लुएंझा असला तरी हा विषाणू नाही, जिवाणू आहे. लहान मुलांना यामुळे न्यूमोनिया होतो, मेंदूच्या आवरणाला सूज येते. यातून वाचलेल्या काही मुलांना कायमचा बहिरेपणा येतो.

या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचं पांघरूण असतं. लस बनवायची तर शरीराला या पांघरुणाची ओळख करून द्यायला हवी. अडचण अशी की दोन वर्षांखालच्या बाळाची प्रतिकारशक्ती नुसत्या साखरेची नीट दखलच घेत नाही. आठवण साठवणाऱ्या पेशींना जागं करायला प्रथिन लागतं. म्हणून ही साखळी धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडतात. प्रथिनाच्या सोबतीने बाळाचं शरीर साखरही ओळखायला शिकतं.

ही साखर मिळवायची कुठून? इतर देशांतले कारखाने जिवाणूच मोठ्या टाक्यांमध्ये वाढवून त्याचं पांघरूण वेगळं करत. क्युबातल्या हवाना विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंते व्हेरेझ बेंकोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी प्रयोगशाळेतच जोडायची ठरवली. सुरुवात रायबोजपासून, म्हणजे आपल्या आरएनएमध्ये असते त्याच साखरेपासून. एकेक कडी तयार करायची, नको त्या जागी बंध जुळू नये म्हणून रेणूचे बाकीचे हात तात्पुरते झाकून ठेवायचे, कड्या गुंफून झाल्या की ती झाकणं उतरवायची. साधारण सात-आठ कड्यांची साखळी पुरेशी ठरली. जिवाणू वाढवायला नकोत, शिवाय प्रत्येक घाण्याचा माल सारखाच. कॅनडातले रसायनशास्त्रज्ञ रेने रॉय यांचीही या कामात साथ होती. 2004 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे काम छापून आलं. प्रयोगशाळेत घडवलेल्या साखरेची, माणसांसाठी वापरात आलेली ही जगातली पहिली लस.

यातली बरीचशी वर्षं कशी गेली, हेही सांगायला हवं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाचं इंधन आटलं. अमेरिकेचे निर्बंध होतेच. तासन्‌तास वीज नसे, माणसं सायकलवर कामाला जात. साध्या रसायनासाठीही वाट पाहावी लागणाऱ्या देशात विद्यापीठातलं मूलभूत संशोधन बंद पडलं असतं तर कुणी दोष दिला नसता. ते चालू राहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

त्याची पाळंमुळं आधीची आहेत. 1981 मध्ये क्युबातले सहा जण हेलसिंकीला फिनलंडचे शास्त्रज्ञ कारी कांटेल यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंशी लढणारं प्रथिन, कसं काढायचं ते शिकून आले. कांटेल यांनी आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं नव्हतं. परतल्यावर हवानातल्या एका घरातच प्रयोगशाळा थाटून या सहा जणांनी काही आठवड्यांत इंटरफेरॉन बनवलं. पुढे 1986 मध्ये जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञानाचं मोठं केंद्र उभं राहिलं. विद्यापीठ, संशोधन, कारखाना आणि दवाखाना ही साखळी तिथे सरकारनेच जुळवली. पदवीला शिकलेलं पुढच्या टेबलावर लगेच वापरायला मिळे. मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो, कारण साखरेचा रेणू प्रथिनाला जोडण्याचं कसब पुस्तकातून येत नाही. जमलेल्या माणसाशेजारी उभं राहूनच ते शिकावं लागतं.

ते कसब कोविडच्या काळात उपयोगी पडलं. व्हेरेझ तेव्हा हवानातल्या, लसी बनवणाऱ्या फिनले संस्थेचे प्रमुख होते. ‘सोबेराना 02’ या लशीत विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा त्याच धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडला होता. 2021 च्या सप्टेंबरात क्युबाने दोन वर्षांच्या मुलांपासून लसीकरण सुरू केलं. लस घरची होती, पण सुयांचा तुटवडा पडला. बाहेरच्या देशांतल्या लोकांनी वर्गणी काढून सिरिंज पाठवल्या.

त्यानंतरच्या काही वर्षांत लाखो क्युबन देश सोडून गेले. त्यात शिकलेले तरुण बरेच. इमारती आणि यंत्रं जागच्या जागी आहेत, पण नव्या मुलाला शेजारी उभं करून शिकवणारा माणूस तिथे उरायला हवा.