गाडी दिसते तिथे रॉकेट मारू नका

चवथीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या चोडण बेटावरच्या आमच्या मूळ घरात दुपारची आरती आटोपली, आरतीची घुमट वाद्यं कोपऱ्यात गेली, नेवऱ्यांचा डबा मधोमध आला आणि पोरांनी माळ्यावरचा जुना प्लेस्टेशन खाली काढला. खेळ 1995 सालचा, ‘ट्विस्टेड मेटल’. गाडी चालवायची, वाटेत पडलेली शस्त्रं उचलायची आणि बाकीच्या गाड्या उडवायच्या, एवढंच त्याचं कथानक. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे फेकलेल्या वस्तूच्या गतीचं गणित मला झोपेतही येतं. तरीही बारा वर्षांच्या भाचीने मला ओळीने चार डावांत फुंकून टाकलं. वर म्हणाली, “मामा, तू गाडीवर नेम धरतोस ना, म्हणून हरतोस.”

तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. समोरून आडवी जाणारी गाडी सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगाने पळते आहे आणि आपलं रॉकेट सेकंदाला 100 मीटर जातं, असं धरा. गाडी 50 मीटरवर असेल तर रॉकेट पोचायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी 10 मीटर पुढे सरकलेली असते. नेम गाडीवर धरला तर रॉकेट तिच्या मागच्या धुळीत पडणार. गाडी 100 मीटरवर असेल तर 20 मीटर पुढे मारावं लागेल. आता प्रत्येक वेळी अंतर मोजून गुणाकार करत कोण बसणार?

कुणीच बसत नाही, कारण तशी गरज नसते. 50 मीटरवर 10 आणि 100 मीटरवर 20, दोन्हींत गाडीची दिशा आणि नेमाची दिशा यांतला कोन एकच येतो, साधारण साडेअकरा अंश. अंतर कितीही असो, आडव्या जाणाऱ्या गाडीच्या पुढे पडद्यावर किती जागा सोडायची हे दोन वेगांच्या गुणोत्तरावरच ठरतं. एका शस्त्राचा हा कोन हाताला बसला की तो जवळच्या आणि लांबच्या, दोन्ही गाड्यांना चालतो. भाचीला साइन-कोसाइन अजून शिकवलेलं नाही. तिच्या अंगठ्याला मात्र ते येतं.

गाडी थेट आपल्याकडे येत असेल किंवा सरळ पळून जात असेल तर हा कोन शून्य होतो. म्हणून या खेळातलं पॉवर मिसाइल, जे घाव मोठा घालतं पण नाकासमोर जातं, ते शत्रूच्या शेपटीला लागून किंवा समोरासमोर आल्यावरच सोडावं. फायर मिसाइल वेगवान असतं आणि किंचित वळतं, त्यामुळे थोडी चूक पोटात घालतं. होमिंग मिसाइल शत्रूचा माग काढत जातं, पण त्याचा घाव हलका. आडव्या पळणाऱ्या गाडीसाठी ते ठेवावं. आमचा एक भाचा सापडेल ते शस्त्र सापडेल त्याच्यावर रिकामं करतो. त्याची गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मात्र प्रत्येक खेळात आधी तपासून घ्यावी: आपण धावत्या गाडीतून गोळी सोडली तर गाडीचा वेग गोळीला मिळतो का? खऱ्या जगात मिळतोच. गॅलिलिओने 1632 साली चालत्या जहाजाच्या उदाहरणाने हेच समजावलं, आणि आपण फेरीबोटीवर उभं राहून नारळ हातातून सोडला तरी तो पायाशीच पडतो, मागे राहत नाही. खेळ बनवणाऱ्यांवर मात्र निसर्गाचं बंधन नसतं. भिंतीला समांतर भरधाव जाताना भिंतीकडे काटकोनात एक गोळी झाडा. गोळी तुमच्या गाडीच्या बरोबरीने पुढे सरकत भिंतीवर आदळली, तर खेळ गॅलिलिओला मानतो. झाडली त्या जागेच्या समोरच आदळली, तर मानत नाही आणि नेमाचं सगळं गणित बदलतं.

आता होमिंग मिसाइल. ते गाडीच्या मागे कसं जातं? सगळ्यात सोपी रीत म्हणजे दर क्षणी गाडी दिसेल तिकडे नाक वळवायचं. कुत्रा मोटरसायकलमागे धावतो तसं. या वाटेचं गणित फ्रान्सच्या पिएर बूगेने 1732 साली मांडलं, आणि त्याच्यापुढचा प्रश्न होता चाचे व्यापारी गलबताचा पाठलाग कसा करतील, हा. मांडवीच्या मुखाशी बसून हे वाचताना मला उगीचच आपलेपणा वाटतो. या रीतीचा दोष असा की पाठलाग करणारा नेहमी भक्ष्याच्या शेपटीशी येऊन पोचतो. वाट लांबते आणि शेवटी वळण फार तीव्र होतं.

दुसरी रीत जुन्या खलाशांची आहे. समोरचं जहाज तुमच्या नजरेत ज्या दिशेला आहे त्याच दिशेला राहिलं आणि मोठं मोठं होत गेलं, तर टक्कर होणार. ते पुढे किंवा मागे सरकत असेल तर टळणार. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी 1972 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत सातवा नियम हेच सांगतो: येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल तर धोका आहे असं समजा. रस्त्यावरही हे घडतं, आणि वाईट घडतं. चौकाकडे दोन वाहनं अशी येतात की दुसरं वाहन आपल्या समोरच्या काचेच्या कडेला असलेल्या खांबाआड एकाच जागी थांबून राहतं. डोळा हालचाल लगेच टिपतो, न हलणारी वस्तू त्याच्यातून निसटते. नेमकी तीच येऊन आदळणार असते.

टक्कर टाळायचा नियम उलटा फिरवला की शिकारीचा नियम मिळतो. लक्ष्याची दिशा बदलू द्यायची नाही. ती जितक्या झपाट्याने बदलते आहे त्याच्या काही पट आपण वळायचं. अमेरिकेच्या नौदलात 1956 साली दाखल झालेलं साइडविंडर क्षेपणास्त्र याच तत्त्वावर चालतं. 2017 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बहिरी ससाण्यांच्या पाठीवर चिमुकले जीपीएस आणि कॅमेरे बसवले, तेव्हा पक्षीही साधारण हाच नियम पाळत झडप घालतो असं दिसलं. पावसाळा ओसरताना खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतांच्या, बांधावर भिरभिरणारे चतुर पाहा. चतुर डासाच्या मागे लागत नाही, डास जिथे पोचणार तिथे जातो. दहा झडपांत नऊहून जास्त वेळा त्याला शिकार मिळते. आपला मेंदू याच्या हजारो पट मोठा, आणि आम्ही चार डाव हरतो.

मग अशा मिसाइलपासून वाचायचं कसं? इथे नवखा खेळाडू घाबरून लगेच वळतो, आणि तिथेच चुकतो. तुमची गाडी मिसाइलच्या वाटेला आडवी सेकंदाला 10 मीटर सरकते आहे असं धरा. मिसाइल 100 मीटर लांब असताना त्याला तुमची दिशा सेकंदाला जेमतेम 6 अंशांनी बदलताना दिसते. ते सहज जुळवून घेतं. तेच 10 मीटरवर आलं की त्याच आडव्या वेगाने दिशा सेकंदाला 57 अंशांनी पळते. खेळातलं मिसाइल सेकंदाला समजा 60 अंशच वळू शकत असेल, तर त्याची शक्ती इथे संपत येते. लांबून केलेलं वळण वाया जातं, जवळ येऊ देऊन केलेलं वळण वाचवतं. फक्त फार जवळही नको. सेकंदाला 50 मीटर जाणारं मिसाइल शेवटचे 10 मीटर 0.2 सेकंदात संपवतं, आणि पाहून बोट हलवायलाच माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणून 25-30 मीटरवर असतानाच स्टिअरिंग फिरवायचं. खांबाआड जाणं त्याहून बरं. भाची तेच करते.

वळताना वेग कमी करा, हे सांगितलं तर पोरांना पटत नाही. पळताना ब्रेक कोण मारतो? पण वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी ताशी 72 किलोमीटरने वळली तर तिला सुमारे 51 मीटर त्रिज्येचं वर्तुळ लागतं. ताशी 36 ला 13 मीटर पुरतात. वेग निम्मा, वळण चौथ्या हिश्श्याचं. रस्त्यावर जांभ्या मातीचा लाल चिखल असेल आणि पकड निम्मी झाली असेल तर ही त्रिज्या दुप्पट होते. आषाढात चोडणच्या आतल्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्याला हे सूत्राशिवाय कळतं. खेळातल्या गाड्यांना खऱ्या टायरपेक्षा कितीतरी जास्त पकड दिलेली असते, नाहीतर निम्मा डाव भिंतींत घुसण्यातच जाईल. पण त्रिज्या आणि वेगाचं नातं तिथेही बहुधा टिकून असतं. मागे लागलेली गाडी भरधाव असेल तर ब्रेक मारून आत वळा. ती बाहेर फेकली जाते आणि तिची शेपटी तुमच्या नाकासमोर येते.

सुरुंगांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अरुंद गल्लीत, वळण संपताच, मागे टाकायचे. 1992 च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये केळीचं साल हेच काम करत होतं. धडक मारायची तर जड गाडी घ्या. 3 टनांची गाडी उभ्या 1 टनाच्या गाडीला सेकंदाला 20 मीटर वेगाने धडकून चिकटली, तर दोघींचा वेग 15 होतो. मोठीचा वेग 5 ने घटला, लहानीला 15 चा धक्का बसला.

गटागटाने खेळायला बसलो की मात्र नेमबाजीपेक्षा वेगळंच गणित वरचढ ठरतं. ते ज्याने मांडलं तो फ्रेडरिक लँचेस्टर मुळात मोटारी बनवणारा इंग्रज अभियंता. डिस्क ब्रेकचं पेटंट त्याने 1902 साली घेतलं होतं. पहिल्या महायुद्धात विमानांच्या लढाईवर विचार करताना 1916 च्या पुस्तकात त्याने दाखवलं की प्रत्येक जण नेम धरून मारू शकतो अशा लढाईत बळ संख्येइतकं नसतं, संख्येच्या वर्गाइतकं असतं. पाच विरुद्ध तीन ही लढाई 25 विरुद्ध 9 ठरते. तिघं संपतात तेव्हा पाचांतले सरासरी चार उरलेले असतात, कारण 16 चं वर्गमूळ 4. तुमच्या चार गाड्या आणि त्यांच्या पाच, असा डाव असेल तर 16 विरुद्ध 25, हरलातच. पण त्या पाचांना तीन आणि दोन असं फोडून चौघांनी एकत्र आधी तिघांना गाठलं तर 16 मधून 9 गेले, 7 उरले. मग दोघांना गाठलं, 7 मधून 4 गेले, 3 उरले, म्हणजे वर्गमुळाने पावणेदोन गाड्या. चौघं पाचांना हरवतात. अट एकच, चौघांनी एका वेळी एकाच गाडीवर मारा करायचा. आमच्या घरात हे जमत नाही. प्रत्येकाला स्वतःचा वैरी स्वतःच मारायचा असतो, आणि तो बहुतेक वेळा सख्खा चुलतभाऊ असतो.

इंटरनेटवर खेळणारा थोरला भाचा प्रत्येक पराभवानंतर “लॅग होता”, म्हणजे संदेश उशिरा पोचला, असं म्हणतो. पूर्ण खोटं नाही. इंटरनेटचे संदेश नेणाऱ्या काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर गोव्यातून सरळ रेषेत सुमारे 3,600 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 36 मिलिसेकंद कुणालाच चुकत नाहीत. प्रत्यक्षात वाट वाकडी असते आणि आकडा वाढतो. पिंग, म्हणजे हा जाऊन-येऊनचा वेळ, 100 मिलिसेकंद असेल तर सेकंदाला 20 मीटर पळणारी गाडी 2 मीटरने फसवते. सगळे डाव मात्र त्या 2 मीटरांनी हरलेले नसतात.

संध्याकाळी गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी आम्ही रायबंदरला जायला फेरीबोटीत चढलो. वरच्या बाजूने एक रिकामी मालवाहू बार्ज येत होती. भाची कठड्याला टेकून उभी होती. तिने कठड्याच्या एका लोखंडी दांड्याच्या रेषेत बार्ज धरली आणि एक डोळा मिटला.

“मामा, सरकत नाहीये.”

मी पाहिलं. खरंच सरकत नव्हती, नुसती मोठी होत होती. मी काही बोलायच्या आत इंजिनाचा आवाज उतरला, फेरीबोट मंदावली, आणि बार्ज हळूहळू दांड्याच्या डावीकडे सरकू लागली. वर चालक विडी पेटवत होता.