वजनकाट्याला न दिसणारी चरबी

‘आमच्या घराण्यातच अंगलट अशी आहे’ हे वाक्य, दहावी-बारावीतल्या मुलाचे वजन वाढू लागले की, सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत कुठल्याही घरात ऐकू येते. आणि ते अगदीच खोटे नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार, माणसामाणसांतील बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाच्या) फरकात साधारण ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. अर्थात हा आकडा समूहातील फरकाचा आहे. एखाद्या मुलाच्या वजनातले इतके किलो जनुकांचे, असा हिशेब त्यावरून मांडता येत नाही.

भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक घडवणाऱ्या जनुकासारख्या एकाच जनुकातील बिघाडामुळे येणारा लठ्ठपणा फारच विरळा. बहुतेकांच्या बाबतीत शेकडो जनुकीय फरक थोडाथोडा भार टाकतात. त्यांपैकी २००७ साली उजेडात आलेल्या एफटीओ या जनुकाचा प्रभाव त्यातल्या त्यात ठळक : आई आणि वडील अशा दोघांकडूनही जोखमीचे रूप मिळालेल्या प्रौढांचे वजन सरासरी सुमारे ३ किलोंनी अधिक भरते आणि हा फरक वयाच्या सातव्या वर्षापासूनच दिसू लागतो. स्कॉटलंडमधील मुलांच्या अभ्यासात जोखमीचे रूप असलेल्या मुलांची ऊर्जा इतरांइतकीच खर्च होत होती, मात्र त्यांचे खाणे जास्त होते. म्हणजे वारशाने मिळते ती चरबी नव्हे, तर बहुधा भूक.

पुण्यात मात्र हे प्रकरण गुंतागुंतीचे होते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही हाच ‘हडकुळा पण चरबीयुक्त’ बांधा आढळला. युरोपीयांमध्ये एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंध जवळजवळ सगळा वजनातूनच जातो. पुण्यातील रुग्णांचा समावेश असलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र वजनाचा परिणाम वजा केल्यावरही तो बऱ्याच अंशी उरला.

शिवाय घराण्यातून येते ते सगळेच जनुकांतून येत नाही. गरोदरपणी ज्या मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (बी-९ जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, हेही पुण्याच्याच अभ्यासातले.

वयात येताना वाढीच्या संप्रेरकामुळे इन्सुलिनचा प्रभाव तसाही काही काळ कमी होतो आणि ते तयार करणाऱ्या स्वादुपिंडाला जादा काम करावे लागते. ज्याच्या वाट्याला वरील वारसा आला आहे, त्याची ओढाताण इथे होते. म्हणूनच, माझ्या मते, या वयात काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक कामाची : कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर मुलगा ‘बारीकच’ दिसत असला तरी तपासणी करून घ्यावी. मानेच्या मागे मखमलीसारखा काळसर पट्टा उमटला असेल, तर तोही बहुधा वाढलेल्या इन्सुलिनचा असतो. आई मात्र तो मळ समजून दर रविवारी घासत राहते.