नजरेमागे नजर : स्वमग्न मुलांसोबत घरी करायचा सराव

मोठ्यांनी जिकडे पाहिलं तिकडे बहुतेक बाळं 9 ते 12 महिन्यांच्या सुमारास पाहू लागतात. पाठीमागच्या वस्तूकडे वळून पाहणं साधारण दीड वर्षाला जमतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये हे उशिरा येतं, आणि त्याचा संबंध वयापेक्षा भाषेच्या आणि आकलनाच्या वाढीशी जास्त दिसतो. म्हणून चार वर्षांच्या मुलाला हे जमत नसलं तरी पुढे जमणारच नाही, असं कृपया धरून चालू नका. कान आणि डोळे मात्र आधी तपासून घ्या.

नजरेला नजर देणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी हनुवटी धरून चेहरा वळवू नये; मूल चेहऱ्याकडे पाहणंच टाळू लागतं.

मुलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. डावीकडे आणि उजवीकडे सुमारे एक मीटरवर त्याच्या आवडीचं, रिमोटने चालू होणारं एकेक खेळणं ठेवा. मुलाने क्षणभर तुमच्याकडे पाहिलं की मान आणि डोळे एकत्र वळवून एका खेळण्याकडे पाहा, बोटही दाखवा. पाच सेकंद थांबा. मूल वळलं की लगेच तेच खेळणं चालू करा. बक्षीस तिथेच मिळायला हवं. हातातून खाऊ दिलात तर मूल हाताकडे पाहायला शिकतं.

दहापैकी आठ वेळा जमू लागलं की बोट बंद करा, नुसती मान वळवा. फक्त डोळ्यांनी दाखवणं सगळ्यात शेवटी, कारण ती हालचाल फार बारीक असते. ती ओळखायला मुलाला काही महिनेही लागू शकतात. अडलं तर एक पायरी मागे या. एका वेळी पाच मिनिटं पुरेत.

बहुतेक घरांत गडबड होते ती इथे: मूल वळलं का हे पाहायला पालक मधेच त्याच्याकडे पाहतात आणि खूणच मोडते. नजर खेळण्यावर रोखून धरा, मुलाकडे लक्ष दुसऱ्या कुणाला ठेवू द्या. खेळणं आधीच वाजलं किंवा तुम्ही “बघ, बघ” म्हणालात, तर मूल आवाजामागे जातं, नजरेमागे नाही. बाजू आलटून-पालटून नको, अनपेक्षित बदला. ठरावीक क्रम मुलं पटकन पाठ करतात.

मुलाने स्वतःहून तुम्हाला काही दाखवणं हे याहून अवघड, त्याचा सराव वेगळा करावा लागतो. तरीही मुलाने वस्तूकडे आणि मग तुमच्याकडे पाहिलं, तर हातातलं काम सोडून प्रतिसाद द्या.

पुढच्या भेटीला सरावाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा, तुमचा आणि मुलाचा चेहरा दोन्ही दिसतील असा.