एका कूलरचा गारवा शेवटच्या खोलीपर्यंत

(लातूर शहर व परिसरातील ग्राहकांसाठी)

एप्रिल लागला की दुकानात ठरलेली तक्रार येते : "हॉलमध्ये गार लागतं, आतल्या खोलीत नुसती उकाड्याची तगमग. मोठा कूलर दाखवा." खरं तर बहुतेकांनी आधी आतली खिडकी उघडून पाहावी.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून घरात ढकलतो. जेवढी हवा आत आली तेवढी बाहेर जायला हवी, आणि ती ज्या वाटेनं जाते त्याच वाटेवर गारवा लागतो. म्हणून हॉलच्या बाकीच्या खिडक्या लावा, मधली दारं सताड उघडा, पडदे बांधून ठेवा आणि सगळ्यात आतल्या खोलीची खिडकी वीतभर उघडी ठेवा. त्या फटीशी उदबत्ती धरून बघा. धूर बाहेर ओढला गेला तर जमलं. आत वळला तर मधे कुठेतरी वाट अडली आहे, नाहीतर फट जास्त झाल्यानं बाहेरची झळ आत शिरतेय; खिडकी थोडी ओढून घ्या. स्वयंपाकघर या वाटेत शेवटी येऊ द्या, नाहीतर फोडणीचा खकाणा घरभर. माळवदाच्या घरात छतातला झरोका उघडला तरी भागतं.

एसीसारखं सगळं गच्च बंद केलंत तर तासाभरात हवा दमट होते, मिठाला पाणी सुटतं, अंगाला चिकटा येतो.

बाहेर 42 अंश आणि हवा कोरडी असेल तर चांगल्या गवताच्या कूलरमधून 28 ते 30 अंशांची हवा मिळते. तिसऱ्या खोलीत तेवढी गार राहणार नाही. वर तापलेला स्लॅब असेल तर मुळीच नाही. हे आम्ही विकतानाच सांगतो. पावसाळी हवा सुरू झाली की कूलरचा जोरही ओसरतो.

आता पाणी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. गारवा तिथूनच येतो. मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा लिटर सहज पितो. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या आपल्या गावात हे आधीच माहीत असलेलं बरं. बोअरच्या जड पाण्यानं गवतावर पांढरे क्षार चढतात आणि हवा अडते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवा, डासांच्या अळ्याही होणार नाहीत.

नवा कूलर घ्यायला येताना खोल्यांची मापं आणि दारं-खिडक्यांचं कच्चं रेखाटन घेऊन या. वहीच्या कागदावर चालेल.