डायोस्मिनची गोळी आणि १९६८चा निकाल

पायाच्या फुगलेल्या शिरा किंवा मूळव्याध घेऊन गेलात, तर पुण्यात डॉक्टर डायोस्मिन-हेस्पेरिडिनची गोळी सर्रास लिहून देतात. हेस्पेरिडिन मुळात संत्र्या-मोसंबीच्या सालीतलं. डायोस्मिन बहुतेक त्याच्यापासूनच बनवतात. अमेरिकेत मात्र या कुळातल्या, म्हणजे फ्लॅव्होनॉइड्स या वनस्पतींतल्या संयुगांच्या, औषधांची मान्यता १९६८ मध्येच काढून घेतली गेली.

सुरुवात हंगेरीत. त्वचेखाली रक्त साकळणाऱ्या रुग्णाला लिंबाचा अशुद्ध अर्क लागू पडला. शुद्ध ‘क’ जीवनसत्त्वाने काही फरक पडेना. अर्कातलं दुसरं काहीतरी केशवाहिन्या सांभाळतंय, असं मानून १९३६ मध्ये ‘पी’ जीवनसत्त्व जाहीर झालं. गिनीपिगवरचा प्रयोग पुढे पुन्हा जमला नाही. १९५० मध्ये ते नाव सोडून द्यायची शिफारस झाली, गोळ्या खपतच राहिल्या.

१९६२च्या कायद्यानंतर अमेरिकेत औषध नुसतं निर्धोक असून भागेना, गुण दाखवणं सक्तीचं झालं. जुन्या औषधांची फेरतपासणी निघाली आणि त्यात फ्लॅव्होनॉइड्स नापास झाली. मला तो निकाल योग्यच वाटतो. केशवाहिन्यांचा नाजूकपणा तेव्हा मोजायचा कसा, तर दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवायचा आणि त्याखाली उमटणारे लाल ठिपके मोजायचे. डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडेही ही चाचणी करतात. पट्ट्याचा दाब, त्वचा, मोजणारा माणूस, यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. एवढ्यावर औषध उभं राहत नाही. युरोपातल्या डॉक्टरांनी तरीही गोळी सोडली नाही आणि आपण त्यांच्या मागे गेलो.

पण निकाल गोळ्यांबद्दल होता, जेवणाबद्दल नव्हता. हा फरक पुढे बराच काळ कुणी फारसा केला नाही. १९९३ मध्ये हॉलंडमधल्या ८०५ वयस्क पुरुषांच्या पाहणीत, आहारातून जास्त फ्लॅव्होनॉइड्स घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी आढळले. स्रोत साधे: चहा, कांदा, सफरचंद.

२०२२ मध्ये २१ हजारांवर लोकांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉल, म्हणजे कोकोतली फ्लॅव्होनॉइड्स. हृदय-रक्तवाहिन्यांच्या एकूण घटनांत ठाम घट दिसली नाही. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले, पण तो दुय्यम निकष होता. जाहिरातींत अर्थातच २७ टक्के तेवढे आले. मुख्य मोजमाप हार्ट अटॅक, स्ट्रोक अशा मोठ्या वाहिन्यांच्या दुखण्यांचं होतं. मधुमेह्याच्या डोळ्यातल्या बारीक वाहिन्यांबद्दल त्यातून काही ठरत नाही.