नियमगिरी : बॉक्साइट खाण आणि ग्रामसभांचा नकार

ओडिशाच्या रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांत पसरलेला नियमगिरी डोंगर हे डोंगरिया कोंध आदिवासींच्या नियमराजा या दैवताचे स्थान. माथ्यावरचा बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचा, थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि त्यावरच उतारावरचे ओढे वाहते राहतात. उतारावर हळद, अननस पिकवणारे डोंगरिया माथ्यावरच्या झाडांना कुऱ्हाड लावत नाहीत.

या बॉक्साइटसाठी ओडिशा खनिकर्म महामंडळाने 2004 मध्ये वेदांता समूहाशी करार केला. खाणीचा अर्जदार सरकारी महामंडळ, माल मात्र खासगी कंपनीचा. त्यामुळे पुढच्या प्रत्येक लढाईत आदिवासींसमोर राज्य सरकारच उभे राहिले. मंजुरी मागताना बॉक्साइट शुद्ध करणारा कारखाना, म्हणजे रिफायनरी, आणि खाण हे दोन वेगळे प्रकल्प दाखवण्यात आले. खाणीला परवानगी मिळण्याआधीच पायथ्याशी, लांजिगढला, रिफायनरी सुरूही झाली. एवढा पैसा ओतल्यावर आता खाण अडवणार कोण, असा दबाव त्यातून आपोआप तयार झाला. ऑगस्ट 2010 मध्ये केंद्राने नेमलेल्या एन. सी. सक्सेना समितीने आदिवासींचे जंगलावरचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याचे उल्लंघन आणि गावाच्या वनजमिनीला बेकायदा घातलेले कुंपण दाखवून दिले, तेव्हा कुठे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वनमंजुरी नाकारली.

कंपनीने नव्हे, महामंडळाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 18 एप्रिल 2013 च्या निकालात न्यायालयाने धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. डोंगरावर शंभराहून अधिक वस्त्या असताना राज्य सरकारने निवडली फक्त 12 गावे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाचा आक्षेपही त्याने जुमानला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत सभा झाल्या. एका गावात तर एकच कुटुंब होते. देवस्थानापुरता जमिनीचा छोटा तुकडा मोजून देण्याची तयारी अधिकाऱ्यांनी दाखवली, तेव्हा सभांमधून उत्तर आले की अख्खा डोंगरच नियमराजाचा आहे. बाराही गावांनी खाण नाकारली. निवडक गावे घेऊनही सरकारला एक होकार मिळवता आला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

जानेवारी 2014 मध्ये केंद्राने प्रस्ताव अंतिमतः फेटाळला. ग्रामसभा पुन्हा घ्याव्यात ही महामंडळाची मागणीही 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. लांजिगढची रिफायनरी बाहेरून आणलेल्या बॉक्साइटवर चालू राहिली. 2023 मध्ये याच दोन जिल्ह्यांतील सिजिमाळी साठ्याच्या लिलावात वेदांताने बाजी मारली आणि तिथेही ग्रामसभांच्या संमतीवरून वाद पेटला.